इतर, नमूद करा

सर म्हणाले होते, मूल्ये सहा प्रकारची,
आर्थिक, धार्मिक, सौंदर्याची वगैरे,
आणि त्या सहांना पुन्हा चाळायला एक बारीक चाळण:
साध्य कोणते, साधन कोणते.
एका माणसाचे एक उत्तर, एका उत्तराची एक खूण.
चाळीस फॉर्म झेरॉक्स करून मी कणकवलीहून निघालो
आणि तळाशीलला पोचलो,
जिथे एका हाताला खाडी, एका हाताला समुद्र,
मध्ये माणसे राहतील एवढीच वाळू.

रापण अर्धी ओढून झाली होती.
बाबल तांडेलला सातवा प्रश्न विचारला,
प्रामाणिकपणा मोठा की यश?
दोर न सोडता तो म्हणाला, "वाऱ्यार असा."
वारा माझ्या तक्त्यात नव्हता.

पुनवेला दर्यात नारळ टाकता,
ती श्रद्धा, की धंद्याची काळजी?
"नारळ आधी. होडी मगे.
मधी काय ता तूच लिही."
मी दोन घरांत दोन खुणा केल्या.
मागच्या खेपेला अशाच एका जोडीभोवती
लाल शाईचे वर्तुळ आले होते: एकच निवडा.

"उभो कित्याक? धर."
फॉर्म पिशवीत कोंबले, दोर धरला.
दहा मिनिटे, फार तर बारा.
ओला दोर तळहात कसा सोलतो
याला संदर्भसूचीत नोंद नाही.

जाळे कडेला लागले.
पेडवे, थोडे बांगडे, एक वाट चुकलेला शिंगाळा.
वाळूवर वाटे पडू लागले
आणि मी घाईघाईने पुन्हा पेन काढले, कारण हे वर्गीकरण होते,
माझ्याआधीचे, कोणी न शिकवता येणारे.
जाळ्याचा वाटा. होडीचा. देवाची मूठ.
ओढणाऱ्याचा एक, पोरांचा अर्धा.
ज्याने परवा ट्रॉलरवाल्याशी चोरून बोलणी केली
त्या मेतराचाही एक, पूर्ण, शिव्यांसकट.
"झगडो झगड्याच्या जागी, वाटो वाट्याच्या जागी."
आणि एक सदू रेवंडकराचा,
जो तीन वर्षे अर्ध्या अंगाने ओटीवर पडून आहे.

मी लिहिले: परोपकार. खोडले.
न्याय. खोडले. रूढी लिहून
पेन तसेच टेकवून ठेवले, शाई पसरली.
"तो ओढूक येणा नाय, तरी?"
"तेचो हात दोरयेर असा," बाबल म्हणाला,
जसे कोणी म्हणावे, भरती आहे.

एवढ्यावर मी परतलो असतो तर
एक सुंदर परिच्छेद झाला असता.

पण बाबलने माझ्यापुढे अर्धा वाटा टाकला, पोरांचा,
आणि तो वर्तमानपत्रात बांधून दिला गोपिका जुवाटकरणीने,
जी पहाटे चारपासून टोपल्या वाहत होती,
जिला वाटा नव्हता.
बायकांना वाटा नसतो. टोपलीमागे मासळी असते, मोजून.
तिने गाठ मारली, पुन्हा मारली.
माझा फॉर्म उचलून उलटा धरला,
मग सुलटा.
"ह्या घरांतला माझा खंयचा?"

मी म्हटले, शेवटचे. इतर. नमूद करा.
तिने बोटाने ते घर मोजले.
आडवे दीड बोट, उभे त्याहून कमी.
"हयसर पेडवोसुदिक मावाचो नाय,"
म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली,
कारण मासळी दुपारपर्यंतच चांदीची असते.

एसटीत कंडक्टर म्हणाला, मासळी मागे.
फॉर्म मांडीवर चालतील.
मी पुडके मागच्या बाकाखाली ठेवले
आणि आचरा येईपर्यंत दर वळणावर मागे वळून पाहत राहिलो.
चाळिसांतले एकोणचाळीस भरले.
चाळिसाव्यावर खवले चिकटलेत दोन.
सर विचारतील, ही कसली खूण,
आणि एकच निवडा म्हणतील.